घोड्याखालचा रंग

"ही पाटी माझी न्हाई," काकासाहेब म्हणाले आणि त्यांनी बंदूक काउंटरवर अशी आदळली की काचेखालचे काडतुसांचे रिकामे खोके हलले.

शरिफाने आधी काच पाहिली. काच शाबूत होती. मग तिने बंदुकीच्या दस्त्याखाली फडकं सारलं आणि शांतपणे विचारलं, "कुठली पाटी?"

"कुठली म्हणजे? डोळे हायेत ना तुमाला? ही काळी, ही पांढरी! घोडेगावच्या बाजारात मी तीस वर्षं बैल घेतले, विकले. पर माझी जोडी अशी कुणी फोडली न्हाई. तुमी भर नगरात फोडली."

बंदूक बारा बोअरची दुनळी होती, शंभर वर्षांहून जुनी, विलायती. तिचे दोन्ही घोडे बाहेर होते. घोडा म्हणजे चाप ओढल्यावर पुढे आपटून काडतूस उडवणारा तो वाकडा लोखंडी दांडा. प्रत्येक घोड्याच्या मुळाशी तळहाताएवढी पोलादी पाटी असते. तिची मागची बाजू दस्त्याच्या लाकडात बसवलेली असते आणि पुढची कड बंदुकीच्या लोखंडी अंगाला, म्हणजे नळ्या ज्यात अडकतात त्या मधल्या भागाला, चिकटलेली. या बंदुकीची डावी पाटी काळी होती, अंगही काळं होतं. उजवी पाटी मात्र रुप्यासारखी पांढरी झाली होती.

"उजव्या पाटीला गंज चढला होता," शरिफा म्हणाली. "काळ्या रंगाच्या खाली शिरला होता. तुम्ही बंदूक पावसाळाभर कापडी खोळीत घालून माळ्यावर ठेवली. कापड पाणी धरतं. गंज काढला, त्याच्याबरोबर काळा रंग सुटून आला. मी तुम्हाला फोन केला होता, काकासाहेब. तुम्ही म्हणालात, करा काय करायचं ते, पण दसऱ्याच्या आत द्या."

"गंज काढा म्हनलो. पाटी बदला म्हनलो का?"

"बदललेली नाही."

"मग ही पांढरी कुठनं आली? जल्मापासनं बघतोय मी ही बंदूक. काळीभोर. माझ्या बापाच्या हातात काळी, आज्याच्या हातात काळी. विलायती पाटी काढून घेतली आन कुठल्यातरी भंगारातली बसवली. जुन्या मालाला गिऱ्हाईक हाय, मला काय कळत न्हाई?"

शरिफाने बंदूक फडक्यासकट आपल्याकडे ओढली. दुकान तिच्या वडिलांचं, सत्तारमियांचं. बाहेरच्या बोर्डावर अजून त्यांचंच नाव होतं. ते गेल्यावर गावातल्या किती जणांनी तिला सांगितलं होतं, बाईमाणसाने बंदुकीचं दुकान चालवू नये, विकून टाक. तिने विकलं नव्हतं. आता दुकानाच्या परवान्याचं नूतनीकरण महिन्यावर आलं होतं आणि सुटे भाग चोरल्याची एक तक्रार गेली असती, तर तो अर्ज कुणी पुढे सरकवला नसता. हे तिला ठाऊक होतं, आणि काकासाहेबांनाही ठाऊक होतं.

"पाटीच्या आतल्या बाजूला नंबर आहे," ती म्हणाली. "तोच नंबर नळीवर आहे, तोच तुमच्या परवान्यावर आहे. उघडून दाखवते."

"नंबर काय! नंबर ठोकायचे खिळे तुमच्याच हातात. ठोकला असंल."

ती हत्यारांची गुंडाळी आणायला आत गेली. परत आली तेव्हा काकासाहेब मोबाईल बंदुकीवर धरून मोठ्याने बोलत होते, "...बघा मंडळी, एक काळी, एक पांढरी. ज्यांनी ज्यांनी इथं बंदूक टाकली हाय, त्यांनी आपापला माल तपासून घ्या. मी आता इथनं सरळ तक्रार द्यायला चाललोय." मग त्यांनी अंगठ्याने काहीतरी दाबलं.

"काय केलंत?"

"टाकला. परवानावाल्यांच्या ग्रुपवर. सगळा जिल्हा हाय त्याच्यात."

"काढा तो."

"का काढू? खोटं हाय का?"

दुकानाचा फोन वाजला, शरिफाने उचलला. राजूरचं एक जुनं गिऱ्हाईक होतं. बाई, माझी बंदूक झाली नसली तरी राहू द्या, उद्या येऊन घेऊन जातो, असं तो म्हणाला. कारण विचारलं तर नुसता घसा खाकरला. तिने फोन ठेवला. व्हिडिओ टाकून अजून पाच मिनिटंही झाली नव्हती.

एवढ्यात दारात स्नेहल उभी राहिली, काकासाहेबांची सून. गाडी तिनेच चालवत आणली होती. तिच्या हाताला धरून छबूबाई पायरी चढल्या. काकासाहेबांची ही आई. बेलापूरहून सगळे निघाले होते ते मुळात यांच्या डोळ्यासाठी. मोतीबिंदू काढला होता आणि आज डॉक्टरने पट्टी सोडून काळा चष्मा दिला होता.

"गाडीपर्यंत आवाज येतोय तुझा, काक्या," छबूबाई म्हणाल्या. "काय लिलाव चाललाय का?"

"आई, तू गाडीत बस."

"गाडीत तापतंय. मी हितंच बसते." दाराजवळच्या बाकावर त्या बसल्या आणि चष्म्याआडून सगळीकडे बघू लागल्या. नवा डोळा मिळालेला माणूस बघतो तसं, भिंत, पंखा, पुढ्यातलं फडकं, सगळं.

शरिफाने पेचकस उचलला आणि परत खाली ठेवला. रागात स्क्रू उघडू नये, असं अब्बा म्हणायचे; हात घसरतो आणि स्क्रूची खाच फाटते, मग ती खाच आपला राग जन्मभर दाखवत बसते. ती मडक्याजवळ गेली, भांडंभर पाणी प्यायली, हात पुसले. काकासाहेबांना वाटलं, ती घाबरली.

"आता का? दाखवा की उघडून."

"दाखवते. पण इथे नाही, दारात. ट्यूबच्या उजेडात लोखंडाचा रंग खोटा दिसतो." तिने स्टूल दाराशी ओढलं, त्यावर फडकं पसरलं, बंदूक सांध्यातून उघडून नळ्या वेगळ्या केल्या आणि नुसतं अंग आणि दस्ता फडक्यावर ठेवला. "या. असे वरून नका बघू, खाली वाका. तुम्ही माझ्यावर चोरीचा आळ घेतलाय. तर नीट बघून घ्या आणि मग घ्या."

"मी वाकतो. मला काय लाज न्हाई."

"जुन्या लोखंडावर आधी कुठला रंग होता हे ओळखायचं असेल, तर जिथे हात पोचतो तिथे बघून उपयोग नाही. हात रंग खातो. घाम खातो, ऊन खातो. जिथे काहीच पोचत नाही तिथे बघायचं. या बंदुकीत अशी जागा कुठे आहे?"

"मला काय इचारता? मी आलोय का शाळेत?"

"घोड्याखाली," स्नेहल म्हणाली. ती सासऱ्यांच्या मागून वाकून बघत होती.

"बरोबर. घोड्याचं मूळ पाटीवर टेकलेलं असतं. एकदा बसवला की त्याखालचं लोखंड कुणाला दिसत नाही."

तिने उजव्या घोड्याचा स्क्रू सोडवला, मागून लाकडी ठोकळ्याने हळूच टिचकी दिली आणि घोडा अलगद निघून तिच्या तळहातावर आला. तेलाचं बोट फिरवून तिने खालची जागा पुसली.

पांढऱ्या पाटीवर रुपयाएवढं एक वर्तुळ उरलं होतं. त्यात निळा होता, जांभळा होता, कडेला मधासारखा तपकिरी, आणि मधूनच राखेसारखा करडा. साचलेल्या पाण्यावर रॉकेलचा थेंब पडला की जसे रंग पसरतात, तसे. पण हे पसरत नव्हते. पोलादात गोठून बसले होते.

काकासाहेबांनी त्यावर बोट टेकवून पाहिलं. "हा कसला डाग?"

"डाग नाही. हाच मूळ रंग. बंदूक तयार झाली तेव्हा सगळ्या पाट्यांवर आणि अंगावर हाच होता. हाडांचा कोळसा भरलेल्या लोखंडी पेटीत पाट्या ठेवून पेटी लाल होईतो तापवायची आणि मग एकदम पाण्यात ओतायची. त्याने वरचं कातडं कठीण होतं आणि हे रंग आपोआप उठतात. कुणी हाताने चढवत नाही, कुणाला परत तसेच्या तसे जमत नाहीत. कागदाहून पातळ असतो हा थर."

"ही पाटी तुमी भंगारातनं आनली, तिच्यावर असंल हा रंग."

"असेल," शरिफा म्हणाली. तिचा आवाज आता इतका सपाट झाला होता की स्नेहलने तिच्याकडे पाहिलं. "मग डावी बघू. डावी तर तुमचीच आहे ना? काळी?"

"ती माझी."

"नक्की? नंतर फिरवायचं नाही."

"मी बेलापूरचा हाय. शब्द फिरवत न्हाई."

तिने डावा घोडा काढला. काळ्याभोर पाटीच्या मध्यात तेच वर्तुळ होतं. निळा, जांभळा, मध.

बाकावरून छबूबाई उठल्या होत्या. त्या भिंतीला धरून दोन पावलं पुढे आल्या आणि थांबल्या. त्यांच्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं.

"म्हणजे," स्नेहल म्हणाली, "काळा रंग नंतरचा आहे. वरून लावलेला. घोडे न काढताच."

"हो."

"कुणी लावला?" काकासाहेबांनी विचारलं.

या प्रश्नाची शरिफा वाट बघत होती आणि तो येऊ नये असंही तिला वाटत होतं. उजवी पाटी हातात घेतली त्या दिवशीच तिने ओळखलं होतं. पातळ गंज चढवायचा, उकळत्या पाण्यात तो काळा करायचा, तारेच्या ब्रशने झाडायचा, परत चढवायचा. असा थरावर थर देणारा या जिल्ह्यात एकच माणूस होता. आणि त्याच माणसाने तिला शिकवलं होतं की जे लोखंड कधीच काळं नव्हतं, ते काळं करायचं नसतं. तसं करणं म्हणजे गिऱ्हाइकाच्या नातवाशी खोटं बोलणं.

"माझ्या वडिलांनी," ती म्हणाली.

"हां!" काकासाहेबांनी टाळीच वाजवली. "बघा, तोंडानं कबूल झाल्या. बाप तसाच, लेक तशीच. आमच्या बंदुकीचा सोन्यासारखा रंग घालवला आन काळं फासलं!"

"काळं त्यांनी केलं. रंग त्यांनी नाही घालवला."

"मग कुनी?"

"भिंग धरा." तिने भिंग त्यांच्या हातात कोंबलं. "डाव्या पाटीवर बघा. काळ्याच्या खाली बारीक ओरखडे दिसतात?"

"दिसतात."

"काळा रंग ओरखड्यांच्या आत बसलाय. म्हणजे ओरखडे आधीचे, काळा नंतरचा. काळ्यावर ओरखडा असता तर पांढरा दिसला असता. आता ते ओरखडे कसे आहेत? सरळ की गोल?"

काकासाहेबांनी भिंग मागेपुढे केलं. "गोल."

"बंदूकवाला कधी गोल घासत नाही. लांबीनेच घासतो, नळीच्या दिशेने. माझ्या अब्बांनी मी चूक केली की मनगट धरून सरळ फिरवलं होतं. ही गोल रेघ भांडी घासणाऱ्या हाताची आहे. काथ्या, राख, बहुतेक चिंच. हा तांब्याचा हंडा समजून कुणीतरी जीव लावून घासलाय. रंग त्याने गेला. पांढरीफटक झाली. मग तुमच्या घरातून कुणीतरी ती इथे आणली आणि झाकून मागितली." उजव्या पाटीची कड अंगाला भिडते तिथे तिने नखाने एक रेघ दाखवली. "आणि ही शेवटची गोष्ट. ही रेघ बघा. उजव्या पाटीवर सुरू होते, कमानीसारखी वळते, सांधा ओलांडते आणि अंगावर, काळ्याच्या खाली, संपते. एकाच हाताचा एकच फिरवा. ज्या दिवशी ही बंदूक घासली, त्या दिवशी ही पाटी याच बंदुकीवर होती. आता सांगा, मी कुठलं भंगार आणलं?"

दारात ऊन होतं. काकासाहेब वाकूनच राहिले. रेघ त्यांना दिसली होती. त्यांची मान लाल झाली त्यावरून कळत होतं. पण आळ मागे घेण्यापेक्षा त्यांना दुसरा राग सापडला.

"आमच्या घरात बंदूक भांड्यावानी घासली म्हनता? तुमी आमचं घर वळखता का? आमच्यात बाया हत्याराला हातच लावत न्हाईत! खंडेनवमीला हत्यारं धुवायची, पुसायची, मांडायची, सगळं बाप्यांनी. बाया लांब. माझ्या आज्यापासनं ही शिस्त हाय."

"का?" शरिफाने विचारलं.

"का म्हंजी? शिस्त म्हंजी शिस्त. देवाचं हाय."

"म्या घासली," छबूबाई म्हणाल्या.

पहिल्यांदा कुणाला समजलंच नाही की कोण बोललं.

"आई, तू बस."

"बसत न्हाई. लई बसले." त्यांनी चष्मा काढला. डोळ्याला पाणी होतं, पण ते ऑपरेशनचं असावं, कारण आवाज कोरडाठक्क होता. "म्या घासली ती बंदूक. लगीन होऊन आले, पयला दसरा. आत्याबाई म्हनल्या, उद्या खंडेनवमी, सगळं लखलखलं पायजे. विळे दिले, कोयते दिले, फाळ दिला, आन वर ही दिली. कशी घासायची ते कुनी सांगितलं न्हाई. म्या चिंच कालवली, राख घेतली. दुपारभर घासली. तोंड दिसाया लागलं तिच्यात. मला वाटलं, शाबासकी मिळंल."

"तू मला कधी..."

"गप. आज मी बोलनार. मामंजी रानातनं आले. बंदूक बघितली आन वाढलेलं ताट उडवलं. साता समुद्रापल्याडचा रंग ह्या अवदसेनं खाल्ला, म्हनले. आत्याबाईंनी दिली हुती ती बंदूक. त्यांच्याकडं बघितलं म्या, तर चुलीत फुकत बसल्या. फू फू. एक शब्द न्हाई. दुसऱ्या दिशी पूजा झाली आन मला गोठ्यात बसवलं. हिचा हात लागू देऊ नका, हिचा हात खाऊ हाय. त्याच्या फुडच्या दसऱ्याला बी गोठ्यात. मग तुझा बाप पूजा कराया लागला, त्यानं बी तेच. मग तू. ते दोघं तरी कारन ठावं असून करत हुते. तू तर इचारलं बी न्हाईस!"

"मला काय म्हाईत, आई? मला वाटलं देवाचं..."

"देवाचं! माझ्या एका चुकीचा देव केला तुमी!"

"आणि मागच्या वर्षी," स्नेहल म्हणाली, "मी बंदुकीला हळदकुंकू लावायला गेले, तर सगळ्या पाहुण्यांपुढे माझा हात झटकलात. म्हणालात, आमच्यात चालत नाही. मी आठवडाभर विचार करत होते की माझ्यात काय खोट आहे."

काकासाहेब एकदा आईकडे, एकदा सुनेकडे, एकदा फडक्यावरच्या बंदुकीकडे बघत राहिले. घोडेगावच्या बाजारात फसलेला माणूस बघतो तसे; फरक एवढाच की इथे बैल कुणी विकला हेच त्यांना कळेना. मग त्यांनी घसा साफ केला आणि शरिफाकडे वळून, जरा खालच्या आवाजात, समेटाचं म्हणून बोलले,

"बरं, झालं ते झालं, ताई. पाटी माझीच हाय, मानलं. आता ही पांढरी बी काळी करून टाका. दोनी सारख्या. विषय संपला."

तोवर शरिफाचा राग ओसरत आला होता. त्या वाक्याने तो परत उसळला, आणि या वेळी तो फक्त काकासाहेबांवर नव्हता.

"नाही."

"न्हाई म्हंजी?"

"तुमच्या आजोबांनी याच दुकानात येऊन हेच म्हटलं असणार. काळी करून टाका, विषय संपला. माझ्या अब्बांनी ऐकलं. त्यांना दिसत होतं ना, की हे भांडं घासणाऱ्या हाताने झालंय? मला दिसतं, तर त्यांना दिसलंच असणार. त्यांनी तेव्हा विचारायला हवं होतं, कुणी घासली, तिला बोलवा, मी दाखवतो कशी पुसायची. नाही विचारलं. गिऱ्हाईक मोठं होतं म्हणून मान खाली घालून झाकून दिली. बोर्डावर त्यांचं नाव आहे तरी सांगते, चुकले ते. मी झाकणार नाही. उजवी आहे तशी पांढरी राहील, तेल लावून. काळीच हवी असेल तर जिल्ह्यात दुसरा कुणी शोधा."

"राग कशापाई, ताई? मी व्हिडिओ बी काढून टाकतो. हे बघा, डिलीट."

"काढून टाकू नका," शरिफा म्हणाली. "ज्यांनी बघितला त्यांच्या डोक्यातून निघतोय का तो? ज्या तोंडाने टाकलात, त्याच तोंडाने दुसरा टाका. चोरी झाली नव्हती म्हणून."

"टाकतो. पर मग इचारतील ना सगळे, एक काळी एक पांढरी कशी? काय सांगू? माझ्या आईनं..." ते अडखळले.

"सांग की," छबूबाई म्हणाल्या. "तुझ्या आईनं. जीभ झडंल का? आन तू नगं सांगू, तू परत कायतरी झाकशील. स्नेहल, धर गं तो फोन. माझं तोंड दिसतंय का त्याच्यात?"

"दिसतंय, आजी."

"चष्मा घालू का नको?"

"नका घालू."

छबूबाईंनी पदर डोक्यावर नीट ओढला. मग विचार बदलून खांद्यावर टाकला.

"मी छबूबाई. काकासाहेबाची आई, बेलापूरची. ही बंदूक म्या घासली. नवी नवरी हुते. ह्या दुकानवाल्या पोरीनं काय बी बदललं न्हाई, काय बी चोरलं न्हाई. माझा ल्योक वरडला ते चुकून वरडला. त्याच्या घरात सगळे आधी वरडत्यात, मग बघत्यात. ज्यांच्या बंदुका हितं हायेत त्यांनी गप ऱ्हावा. आन ज्यांच्या घरात सुना हायेत, त्यांनी हत्यार हातात देताना ते पुसायचं कसं ते बी सांगा. न्हाई सांगितलं तर मग ताटं उडवू नका. झालं. बंद कर."

स्नेहलने बंद केला. "टाकू?" तिने काकासाहेबांकडे बघून विचारलं, कारण फोन त्यांचा होता.

काकासाहेबांनी आईकडे पाहिलं, मग फोनकडे. "टाक," ते शेवटी म्हणाले. मग, कुणी काही विचारलं नसताना, "लोक हसतील."

"हसू दे," छबूबाई म्हणाल्या. "मला हसले तवा तू कुठं हुतास?"

शरिफाने घोडे पुसले आणि उजवा परत बसवायला घेतला, तर म्हातारीने हात पुढे केला.

"लावू नगंस."

"घोडा लावल्याशिवाय बंदूक अर्धी आहे, आजी."

"अर्धीच ऱ्हाऊ दे. खंडेनवमीला अशीच मांडायची. घोडे शेजारी ठिवायचे. ते दोन डोळे दिसू दे सगळ्या भावकीला." त्या रंगीत वर्तुळांवर वाकल्या, इतक्या की नाक टेकेल. नुकत्याच उघडलेल्या डोळ्याने त्यांनी ते बराच वेळ बघितलं. "असा हुता व्हय गं," त्या पुटपुटल्या. "मला आठवतच नव्हता. वरडा आठवतो, रंग न्हाई."

काकासाहेब बाहेर पायरीवर जाऊन उभे राहिले. तिथून त्यांनी, मागे न वळता, म्हटलं, "मांडू अशीच. आन दसऱ्यानंतर घोडे बसवायला येऊन न्या... म्हंजी, आमीच आनू." त्यांना माफी मागता येत नव्हती. शरिफाला ती मागून घ्यायची नव्हती.

"पोरी," छबूबाई म्हणाल्या, "मग पुसायची कशी असती ही?"

शरिफाने मऊ फडक्याची घडी केली, तिच्यावर तेलाचे दोन थेंब टाकले आणि ती त्यांच्या हातात दिली. छबूबाईंनी फडकं उजव्या पाटीवर टेकवलं आणि हात आपोआप गोल फिरला, जन्मभर फिरला तसाच.

"गोल नाही, आजी. सरळ. नळी ज्या दिशेला, त्या दिशेला. आणि दाबायचं नाही, नुसतं नेऊन आणायचं." तिने त्यांचं मनगट धरलं. हाड हाताला लागत होतं. "असं. पुढे. मागे."

आत दुकानाचा फोन वाजायला लागला. राजूरवाला असेल किंवा आणखी कुणी. शरिफाने तो वाजू दिला. तिचा हात मोकळा नव्हता.

पुढे, मागे. पाटीवरून एक पातळ ओली चमक सरळ ओढली गेली. छबूबाई थांबल्या.

"एवढंच?"

"एवढंच."

"एवढंच सांगायचं हुतं त्या मेल्यांनी," छबूबाई म्हणाल्या आणि पुढच्या फेरीला हात परत गोल वळू लागला, तेव्हा त्यांनी स्वतःच तो आवरला आणि सरळ नेला.